मोटर बसवलेल्या गियरच्या सायकलची चेन उडी मारते, कुठून बघायला सुरुवात करू?

ऊसपट्टा
नमस्कार मंडळी. जयसिंगपूरहून कुपवाड एमआयडीसीत कामाला जातो, सायकलने. पुढे एक चक्र, मागे सात गियर, लोखंडी फ्रेम. गेल्या दिवाळीनंतर तिला २४ व्होल्ट, २५० वॅटची मोटर बसवून घेतली. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, नाही. मागच्या चाकाच्या पुढे, डाव्या अंगाला फ्रेमला पट्टीवर आवळलेली गिअरबॉक्सवाली मोटर आहे. तिची वेगळी चेन डावीकडे, पॅडलची नेहमीची चेन उजवीकडे. किटवाल्याने मागचं चाकही दिलं. त्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) डिस्क ब्रेकसाठी सहा बोल्टांची जागा आहे, तिथे मोटरचं फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकडणारं दातेरी चक्र, बसवलंय. ब्रेक जुनेच, व्ही-ब्रेक.

त्रास असा: थांबून पुन्हा निघताना आणि अंकलीच्या पुलावर चढताना 'कट्ट-कट्ट' असा आवाज होऊन चेन उडी मारते. कधी वाटतं मोटरची, कधी पॅडलची. शिवाय गियर आपोआप बदलतो. तिसऱ्यावर ठेवला की जोर दिल्यावर चौथ्यावर जातो. दुकानात मोटरची चेन घट्ट करून दिली, थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच. दुसऱ्या दुकानात म्हणाले, चेन, फ्रीव्हील, डिरेलर (चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) सगळंच बदला. पैसे घालायला हरकत नाही, पण नक्की कशावर घालायचे ते कळू दे. मागून उसाची ट्रॉली येत असताना पुलावर चेन सटकली की जीव वरखाली होतो.

सातपूर_सायकल
चेन ताणली असेल. नवीन टाका, विषय संपला.

गियरगप्पा
गियर आपोआप बदलतो म्हणजे फुकटात ऑटोमॅटिक गाडी मिळाली की! असो. डिरेलरच्या केबलचा बॅरल, म्हणजे केबलचा ताण लावायचा स्क्रू, अर्धा फेरा सोडवून बघा. नवी केबल सुरुवातीला थोडी सैल होतेच.

घाटातली_बाई
ऊसपट्टा दादा, बाकी काहीही करण्याआधी एक ऐका. चेनला हात लावायचा असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. नुसती चावी बंद करून भागत नाही. चाक उलटं करून फिरवताना कुणाचा तरी थ्रॉटलला (मोटरच्या अॅक्सिलरेटरला) धक्का लागतो आणि बोट चेन आणि दात्यांच्या मध्ये जातं. आमच्या शाळेच्या शिपायाचं नख असंच गेलं. लहान मुलं आसपास असतील तर त्यांना लांब ठेवा.

माझी रत्नागिरीत हब मोटर आहे, त्यामुळे तुमची अडचण थोडी वेगळी. सविस्तर नंतर लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

पाना_पक्कड
कोल्हापुरात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान हाय. अशी मोटरवाली सायकल आता आठवड्याला एखादी तरी येतीच. भावा, काहीही बदलायच्या आधी कुठली चेन उडी मारतीया ते पक्कं कर. तुझ्याकडं दोन चेनी हायत आणि दोन्हीचं दुखणं येगळं असतंय.

बॅटरी काढ. नुसतं पॅडल मारत चढावर जा, सगळे गियर टाकून बघ. मग बॅटरी लाव आणि पाय न हलवता मोटरवर चढव. पहिल्या वेळी आवाज आला तर उजवी बाजू, दुसऱ्या वेळी आला तर डावी. दोन्ही वेळी गप्प राहिली आणि पाय नि मोटर दोन्ही लावल्यावरच उडी मारली, तर मात्र चेनीत काही नसतंय. तवा चाक, मोटरची पट्टी नाहीतर फ्रेम हलतीया असं समजायचं.

उजवीकडं आवाज असेल तर त्याची लय ऐक. एकाच गियरवर, जोर दिल्यावरच उडी, म्हणजे त्या चक्राचे दाते झिजले. सगळ्या गियरवर होत असेल तर केबल बिघडलीया नाहीतर हँगर, म्हंजी डिरेलर जिथं लटकतंय त्यो भाग, वाकलाय. क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा, तर पुढच्या चक्राचा दाता. दोन-तीन फेऱ्यांनी एकदा, अगदी ठरल्यासारखं, तर चेनीत एखादी कडी आखडलीया. आणि चेन जागची न हलता पॅडल एकदम रिकामं पडून 'खट्ट' झालं, तर फ्रीव्हीलच्या आतली कुत्री, म्हंजी पकड धरणारे खटके, घसरत्यात. ते फ्रीव्हील चालवायचं न्हाई, थेट भंगार. उभं राहून पॅडल मारताना घसरलं तर तोंडावर पडशील.

डावीकडं बघायची पहिली गोष्ट म्हणजे चेनीची जाडी. मोटरचं नऊ दात्यांचं बारकं चक्र अर्धा बाय एक-अष्टमांश इंचाच्या जाड चेनीचं असतंय. कुणी कुणी दुकानात पडलेली गियरची पातळ चेन, तीन-बत्तिसांशाची, तिथं लावून देत्यात. आतली रुंदी ३.२ मिलीमीटरऐवजी २.४. दात्यावर ती खाली बसतच न्हाई, वरच्यावर तरंगती. ती सटकणारच.

ऊसपट्टा
पाना_पक्कड भाऊ, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. आभार. मोटरची चेन जाडच आहे, पट्टीने मोजली. रविवारी चाचणी करतो.

वर्धेकर_भाऊ
सातपूरवाले भाऊ, सरळ चेन बदला म्हणता, पण आधी मोजून तर पाहा ना. एक फुटाची स्टीलची पट्टी घ्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचावर पिनचा मध्य येते. एक-सोळांश इंच पुढे गेला तर चेन बदलायची वेळ झाली. एक-अष्टमांश पुढे गेला तर चेनसोबत फ्रीव्हीलही गेलं समजा. मोटरच्या चेनलाही हेच माप, कारण पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, तोच, अर्धा इंच.

आणि झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन टाकली तर ती जुन्यापेक्षा जास्त उड्या मारते. जुनी चेन आणि जुने दाते सोबत झिजून एकमेकांत बसलेले असतात. आमच्याकडे एकाने नवी चेन खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण करून राहिला होता, चेन बिचारी चांगली होती.

सातपूर_सायकल
बरोबर आहे, मोजणं चांगलंच. पण चेन स्वस्त असते, मोजत बसण्यापेक्षा बदललेली बरी, असं माझं मत आहे.

पाना_पक्कड
चेन स्वस्त असती दादा, पण गिऱ्हाईक घरी जातंय आणि चार दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येतंय. त्याची मजुरी गेली, येळ गेला. मला ते पटत न्हाई.

डेल्फ्टकर
मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे माझ्या सायकलला पॅडलच्या जागी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर आहे, २५० वॅटचीच. तिच्यात मोटर आणि पाय दोघांचा जोर एकाच चेनवर येतो, त्यामुळे चेन आणि मागची छोटी चक्रं लवकर झिजतात. ११ दात्यांचं सगळ्यात आधी. गियर बदलताना मोटरचा जोर चालू राहिला तर चेन किंचाळते आणि उडी मारते. त्यासाठी केबलवर सेन्सर बसवता येतो. केबल हलली की मोटर क्षणभर थांबते, तेवढ्यात गियर पडतो. बॉशच्या मोटरीत ही सोय आतूनच असते. सेन्सर नसेल तर बदलण्याआधी अर्धा क्षण पाय सैल सोडायची सवय लावावी लागते.

ऊसपट्टा यांच्या सायकलला मोटरचा जोर उजव्या चेनवर येतच नाही, म्हणून मला आश्चर्य वाटतंय की गियर का बदलतो.

गियरगप्पा
म्हणूनच म्हणतो, चेनवाली साइड मोटर काढा आणि हब मोटर बसवा. चेनच नाही तर उडी कसली?

घाटातली_बाई
गियरगप्पा, हब मोटरलाही गियर असतात हो. :) माझ्या मागच्या हब मोटरवर सात गियरचं आटे असलेलं फ्रीव्हील आहे. बसवून आणली तेव्हा सगळ्यात लहान चक्र फ्रेमला घासत होतं, आणि मोठ्यावर टाकलं की चेन आऱ्यांकडे जायला बघायची. कारण साधं होतं. मोटरच्या हबवर फ्रीव्हील जुन्या हबच्या मानाने थोडं बाहेर बसतं. डिरेलरला मात्र जुनीच जागा माहीत. अॅक्सलवर (चाकाच्या मधल्या दांडीवर) एक वॉशर टाकून चाक किंचित आत घेतलं, डिरेलर आत-बाहेर किती जाईल ते ठरवणारे एच आणि एल हे दोन स्क्रू नव्याने लावले, मग केबल. क्रम हाच ठेवायचा. केबलने सुरुवात केली की माणूस दिवसभर बॅरल फिरवत बसतो.

दुसरं म्हणजे टॉर्क आर्म, अॅक्सलला फ्रेमशी धरून फिरू न देणारी पट्टी. हब मोटरचा अॅक्सल स्वतःच फिरायला बघतो. फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे जरासा जरी वळला तरी मोटरची केबल पिळली जाते, चाक तिरपं होतं आणि गियर बिघडतात. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये तर खाच फाकते. टॉर्क आर्मशिवाय मी माझी सायकल कुणाला चालवायलाही देत नाही. आमच्याकडचे उतार बघितलेत ना!

तेव्हा हब मोटर म्हणजे सुटका असं नाही. पण चेनवर मोटरचा भार नसतो हे खरं.

जुनी_लूना
तुमची चर्चा वाचून आमची लूना आठवली. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली, आणि आमच्या गल्लीत दूधवाले, पोस्टमन, मास्तर सगळे तिच्यावर. तिला पॅडल होती. इंजिन चालू करायला तीच मारायची, पेट्रोल संपलं तर तीच मारत घरी यायचं. वडील दर रविवारी चेनला हात लावून बघायचे, वरखाली किती हलते ते. बोटभर हलली पाहिजे म्हणायचे. जास्त नाही, कमी नाही.

मला वाटतं, सायकलला मोटर बसवणाऱ्यांना ही रविवारची सवय कुणी लावलीच नाही. नुसत्या सायकलची चेन सहा-सहा महिने बघितली नाही तरी चालून जातं. मोटर लागली की ती गाडी झाली, आणि गाडीसारखीच बघावी लागते.

कायद्याचं_बोला
मध्येच घुसतो. २५० वॅटच्या आतली मोटर आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, वजनाचीही अट पाळली असेल, तर केंद्राच्या मोटार वाहन नियमांत ती 'मोटार वाहन' धरली जात नाही. नोंदणी, परवाना लागत नाही. पण वेग वाढवायला कुणी ३६ व्होल्टची बॅटरी लावली तर ती सूट जाते. अपघात झाला तर अडचण मोठी होईल. ऊसपट्टा, तुम्ही तसं काही केलेलं नाही ना?

ऊसपट्टा
नाही नाही. २४ व्होल्टचीच आहे. सपाटीला २०-२२ चा वेग मिळतो, मला तेवढा पुरे.

पाना_पक्कड
व्होल्टेज वाढवल्यावर चेन सटकतीच सटकती, त्यो येगळा धागा काढा. :)

जुनी_लूना काका, तुमच्या वडिलांचं बरोबर. मोटरची चेन मधोमध धरून वरखाली अर्धा इंच हलायला पायजे. आणि ते चाक फिरवत चार ठिकाणी बघायचं. चक्र अगदी गोल कधीच नसतंय, एका जागी चेन ताणती, एका जागी सैल पडती. जिथं ताणती तिथंही थोडी ढील ठेवायची. लोकं वीणेच्या तारंसारखी ताणत्यात. मग मोटरच्या शाफ्टचं बेअरिंग आवाज करतंय आणि नऊ दाते महिन्यात सुईसारखे टोकदार होत्यात. नवातले चार-पाच दातेच एका येळी चेनीत असत्यात, सगळा भार त्यांच्यावर.

वर्धेकर_भाऊ
अर्धा इंच ढील ठेवली तर चढावर चेन उसळत नाही का? मी तर घट्टच ठेवतो.

पाना_पक्कड
उसळती ती खालची बाजू. तुमच्या बसवणीत मोटर चाकाच्या पुढं हाय, म्हणजे चेनीची वरची बाजू ताणात आणि खालची सैल. उसळू नये म्हणून खालच्या बाजूला स्प्रिंगची नाहीतर बोल्टवर सरकणारी बारकी पुली बसवायची. शक्यतो मोटरच्या चक्राजवळ, म्हंजे चेन त्याला जास्त दात्यांवर वेढून बसती. वरच्या बाजूला पुली लावली तर पहिल्याच चढाला वाकती.

तांबडी_माती
म्हापशातून. इथे पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल चेनमध्ये जातो आणि वाळला की विटेसारखा बसतो. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटरवर जाताना आपण पाय थांबवतो. तेव्हा उजवीकडचं फ्रीव्हील सतत फिरत असतं, साध्या सायकलपेक्षा कितीतरी जास्त. त्यात चिखल गेला की ते जड होतं आणि फिरता फिरता चेनला पुढे ढकलतं. चेनची वरची बाजू लोंबते, दांड्यावर आपटते, कधी पुढच्या चक्रावरून खाली पडते. मग परत पाय लावला की जोरात झटका बसून उडी. लोकांना वाटतं गियर बिघडला.

ओळखायचं कसं? चाक वर उचलून पॅडल न धरता हाताने पुढे फिरवा. पॅडल आपोआप चाकाबरोबर फिरायला लागली तर फ्रीव्हील जड आहे. काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये हलवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पातळ तेल. ग्रीस नको, कुत्री चिकटतात. चेनलाही ऑइलचा डबा ओतू नये. प्रत्येक रोलरवर थेंबभर, मग बाहेरून फडक्याने कोरडी पुसायची. आतलं तेल काम करतं, बाहेरचं फक्त माती गोळा करतं.

सातपूर_सायकल
हे नवीन कळलं. पावसाळ्यानंतर माझीही अशीच लोंबते. धन्यवाद.

ऊसपट्टा
मंडळी, आज चाचणी केली. बॅटरी काढून नुसतं पॅडल मारलं तर सगळे गियर ठीक, फक्त अधूनमधून एक बारीक ठोका, दोन-तीन फेऱ्यांनी. नुसत्या मोटरवर सपाटीला काहीच नाही, चढावर एक-दोनदा कट्ट. दोन्ही लावून चढावर गेलो की पूर्ण तमाशा, मोटरची चेनही उडते आणि गियरही बदलतो. पट्टीने मोजलं, दोन्ही चेन एक-सोळांशाच्या आत आहेत. फ्रीव्हील जड नाही, तांबडी_माती यांची युक्ती करून बघितली.

फोटो टाकतोय. डाव्या बाजूचा, उजव्या बाजूचा आणि मागून. उजवीकडच्या खालच्या दांड्याला आतून काळा पट्टा दिसतोय, तो आधी नव्हता. टायर घासतोय का?

घाटातली_बाई
मागून काढलेल्या फोटोत चाक मधोमध नाहीये. पुढच्या बाजूला, पॅडलच्या जवळ, टायर उजव्या दांड्याकडे झुकलाय. आणि हा क्विक रिलीजचा खटका आहे ना, नटाऐवजी हाताने आवळायचा?

पाना_पक्कड
घावलं.

ताई, बरोबर बघितलंत. भावा, तुझ्या फ्रेमची खाच तिरकी, पुढं उघडणारी हाय, जुन्या पद्धतीची. त्यात चाक मागंपुढं सरकतंय. किटवाल्यानं दिलेला हब क्विक रिलीजचा, खटका बी हलका, उघड्या कॅमचा. मोटर डावीकडनं चेन वढती, म्हंजी अॅक्सलचं डावं टोक पुढं. डावं टोक पुढं गेलं की टायरचा पुढचा भाग उजवीकडं जातोय, त्योच काळा पट्टा. आता बघ एका सरकण्यात काय काय झालं. डावं टोक मोटरच्या जवळ आलं, मोटरची चेन सैल. चक्र तिरपं झालं, चेन दात्यावर वाकडी. तिकडं उजवीकडची सात चक्रं डिरेलरच्या पुलीखालून तिरपी झाली, गियर आपोआप पडला. दुकानदारानं चेन घट्ट केली की थोडे दिवस बरं, आणि परत सरकलं की परत सैल.

डेल्फ्टकर
गियर का बदलतो ते आता समजलं. एक शंका. पॅडलचा जोरही काही कमी नसतो. उभं राहून मारलं तर मोटरइतकाच किंवा जास्त ताण येईल. मग मोटर बसवण्याआधी चाक का सरकलं नाही?

पाना_पक्कड
शंका रास्त हाय. एकतर आधीचं चाक दुसरं होतं, नटाचं. आणि पॅडलचा जोर उजव्या टोकाला, मोटरचा डाव्या टोकाला. दोन्ही आळीपाळीनं वढत्यात, थांबून निघताना तर झटक्यानं. रोवलेला खांब एकाच बाजूनं ढकलला तर टिकतोय, दोन्हीकडनं हलवला की उपटून येतोय. म्हणून पाय नि मोटर दोन्ही लावल्यावर तमाशा.

ऊसपट्टा
म्हणजे नवीन काहीच बदलायचं नाही?

पाना_पक्कड
बदलायचं की, पण चेन-फ्रीव्हील न्हवं. पोकळ अॅक्सल काढ, त्याच १० मिलीमीटर जाडीचा भरीव अॅक्सल टाक. बेअरिंगचे कोन तेच चालत्यात, आट्याचं माप जुन्या अॅक्सलशी जुळवून घे. नटाखाली दातेरी वॉशर लाव, फ्रेमच्या रंगावर घट्ट बसणारं, आणि १५ नंबरच्या पान्यानं नीट आवळ. लांब दांड्याचा पाना घे, हातातला बारका नको. खाच मागं उघडणारी असती तर दोन्हीकडं चेन अॅडजस्टरचे बोल्टही लावता आले असते. तुझ्या खाचेला ते बसत न्हाईत, त्यामुळं नट-वॉशरवरच भिस्त.

दुसरं, मोटरची पट्टी. फोटोत ती एकाच बोल्टावर लटकलीया. चढावर ती वाकत असणार. बॅटरी लावून ब्रेक दाबून थ्रॉटल जरा दे, मित्राला बाजूनं बघायला सांग, हात कुणी लावायचा न्हाई. मोटर पुढं-मागं हलताना दिसली तर वरच्या टोकापासनं सीटच्या नळीपर्यंत लोखंडी आडवा आधार वेल्डिंग करून क्लॅम्पनं धर. फ्रेमला थेट वेल्डिंग करू नकोस.

घाटातली_बाई
ब्रेक दाबून थ्रॉटल द्यायला सांगताय, पण पुष्कळ किटांत ब्रेकच्या लिव्हरमध्येच मोटर बंद करणारा स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटर चालणारच नाही. आणि तो स्विच काढून चाचणी करू नये. त्यापेक्षा समोरचं चाक भिंतीला टेकवा, स्वतः सायकलवर नीट बसा आणि थ्रॉटल अगदी हळू द्या.

पाना_पक्कड
ताई, तुमचं बरोबर. स्विच असेल तर तसंच करा. भिंतीची पद्धत चांगली.

वर्धेकर_भाऊ
घट्ट ठेवायचा माझा मुद्दा मागे घेतो. आजच माझ्या सायकलचं चाक मागून पाहिलं, मधोमध आहे. पण मोटरच्या पट्टीचा बोल्ट हाताने फिरला!

कायद्याचं_बोला
त्यावर लॉकनट किंवा नायलॉकचा नट टाका, भाऊ. मोटरच्या थरथरीने साधा नट सुटतोच.

गियरगप्पा
वाचता वाचता मीही खाली जाऊन सायकल बघून आलो. हब मोटरवरचं माझं मत थोडं बदललं, टॉर्क आर्म लावलेला नाही. या आठवड्यात लावतो.

ऊसपट्टा
कळवायला थोडा उशीर झाला, कारखान्यात रात्रपाळी होती.

भरीव अॅक्सल बसवला, दातेरी वॉशर आणि १५ चे नट. चाक मधोमध घेतलं. भिंतीला टेकवून बघितलं तर मोटर खरंच पुढे झुकत होती, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून आडवा आधार करून घेतला, सीटच्या नळीला क्लॅम्पने. खालच्या बाजूला पुली बसवली. चेन अर्धा इंच ढील ठेवून लावली. मग डिरेलर घाटातली_बाई यांनी सांगितलेल्या क्रमाने, आधी दोन स्क्रू, मग केबल.

आता मोटरची चेन उडत नाही, पुलावर दोन्ही लावून गेलो तरी नाही. गियर जागच्या जागी. चाकाच्या नटाला आणि अॅक्सलला मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे, नट सुटत असेल तर लगेच दिसेल.

दोन-तीन फेऱ्यांनी येणारा तो बारीक ठोका मात्र तसाच होता. पाना_पक्कड भाऊंच्या यादीप्रमाणे आखडलेली कडी शोधली. चेन हळू उलटी फिरवत डिरेलरच्या खालच्या पुलीपाशी बघत राहिलो, एक कडी सरळ न होता वर उचलली जात होती. दोन्ही अंगठ्यांनी आडवी लववून मोकळी केली, तेल दिलं. ठोका गेला.

म्हणजे नवी चेन, फ्रीव्हील, डिरेलर काहीही न घेता काम झालं. सगळ्यांचे मनापासून आभार.

पाना_पक्कड
झकास. आता नवे नट पहिले काही दिवस रोज आवळून बघ. दातेरी वॉशर रंगात रुतत जातंय तसा नट थोडा सैल होतोय. रंग खाऊन लोखंडाला भिडलं की मग सुटत न्हाई.

नवा_सदस्य_परभणी
धागा पूर्ण वाचला. माझी सायकल जुनी, बिनागियरची, भाजी विकायला जातो. कॅरिअरवर दोन्ही बाजूंनी क्रेट असतात. अशीच साइड मोटर बसवायचा विचार आहे. खाच मागे उघडणारी आहे. डावीकडे मोटरचं फ्रीव्हील आट्यावर बसवायचं म्हणतोय दुकानदार. चालेल का?

पाना_पक्कड
खाच मागं उघडणारी हाय तर चेन अॅडजस्टर दोन्ही बाजूंनी नक्की लाव, तुझ्या वजनाला ते लागणारच. आणि डावीकडच्या आट्याचं नीट विचार. उजवीकडं साधे आटे चालत्यात कारण पॅडल मारताना फ्रीव्हील आवळलं जातंय. तसंच फ्रीव्हील डावीकडं बसवलं तर मोटरच्या जोरानं ते सुटत जातंय. डावीकडं उलट्या आट्याचंच फ्रीव्हील आणि तसाच हब पायजे, नाहीतर ऊसपट्टासारखं सहा बोल्टांवरचं. दुकानदार साधंच लावून वर वेल्डिंगचा टाका देतो म्हणाला तर नको म्हण. पुढं बदलायची येळ आली की हबच फेकावा लागंल.

नवा_सदस्य_परभणी
उद्याच विचारतो. क्रेटच्या वजनासाठी मागचे आरे बदलावे लागतील का?

जुनी_लूना
आधी आऱ्यांचा ताण बघून घ्या. दोन-दोन आरे हातात धरून दाबा, एखादी जोडी सैल लागली तर चाक आउट काढणाऱ्याकडे द्या आणि मगच मोटर बसवा. मोटरचा झटका आऱ्यांवरही येतोच. भाजीचं वजन साधारण किती असतं तुमचं?

नवा_सदस्य_परभणी
सकाळी निघताना पन्नास-साठ किलो.

पाना_पक्कड
मग जाड आरे घे, आणि मागचा टायरही भारी वजनाचा. थ्रॉटल मात्र पॅडल मारून सायकल चालती झाल्यावरच दे. एवढं वजन थांबल्या जागेवरनं मोटरवर वढायचं न्हाई, नऊ दाते टिकायचे न्हाईत.